मणक्याच्या दुखापतींचे वर्गीकरण अभ्यासू लागलेल्या निवासी डॉक्टरांसाठी

वर्गीकरणे पाठ करण्याआधी, प्रत्येक वर्गीकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते ते पाहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डेनिस यांची १९८३ ची तीन स्तंभांची (मणक्याचे पुढचा, मधला व मागचा असे तीन भाग मानणारी) कल्पना आणि मागेर्ल व सहकाऱ्यांची १९९४ ची मांडणी आजही वाचावी. मात्र शस्त्रक्रिया करावी की नाही, हे सुचवणारे गुणांकन त्यांत नव्हते. २००५ मध्ये टीएलआयसीएस (TLICS) या छाती-कमरेच्या मणक्यांच्या दुखापतींना गुण देणाऱ्या पद्धतीने ही उणीव भरून काढली.

कमरेच्या पहिल्या मणक्याचे बर्स्ट फ्रॅक्चर (दाबाने मणका फुटून तुकडे बाहेर पसरणे) घ्या. त्याचे २ गुण; पायांत ताकद व संवेदना पूर्ण असतील आणि मागचे अस्थिबंध शाबूत असतील, तर बेरीज २ वरच थांबते व शस्त्रक्रिया टाळता येते. तेच अस्थिबंध फाटलेले असतील, तर बेरीज ५ होऊन शस्त्रक्रियेचा मार्ग सुचवला जातो. ते फाटल्याचा नुसता संशय असेल, तर ४ गुण होतात आणि निर्णय शल्यचिकित्सकावर येतो. म्हणून एमआरआयच्या अहवालावर विसंबू नका, चित्रे स्वतः पाहा आणि रुग्णाला सांभाळून कुशीवर वळवून पाठीच्या काट्यांमधील फट बोटांनी चाचपा. २०१३ च्या एओ स्पाइन वर्गीकरणाने या अनिश्चिततेला एम१ अशी स्वतंत्र नोंदच दिली, हे मला फार मोलाचे वाटते.

शस्त्रक्रियेच्या वेळेबाबत २०१२ चा स्टॅसिस (STASCIS) अभ्यास मुळातून वाचा. मानेतील मज्जारज्जूवरचा दाब २४ तासांच्या आत काढलेल्या रुग्णांत सुधारणा अधिक दिसली, परंतु रुग्णांची विभागणी यादृच्छिक नव्हती, हे निष्कर्ष उद्धृत करताना अवश्य नमूद करा.