फिरायला निघण्याआधी सोबती शोधावेत
निवृत्तीनंतर रोज चालायचे ठरवून आपण बुटांची आणि पावले मोजणाऱ्या घड्याळाची चौकशी केली आहे. माझ्या मते त्याआधी सोबत चालणारे दोघे जण शोधावेत. एकट्याने केलेला निश्चय ढगाळ सकाळी सहज मोडतो, पण कोपऱ्यावर कोणीतरी आपली वाट पाहत उभे आहे हे ठाऊक असले, की पाय आपोआप बुटांत शिरतात.

पहिली चूक वेगाची होते. आपल्याहून तरुण मंडळींच्या गटात शिरून पहिल्याच आठवड्यात गुडघे दुखवून घेणारे मी बरेच पाहिले आहेत; चालता चालता बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. तिथवर हळूहळू पोहोचले तरी चालेल. दुसरी चूक म्हणजे बाकावर गप्पा रंगतात आणि चालणे राहूनच जाते (आमच्या गटात हे अजूनही घडते), म्हणून आधी फेरी, मग बैठक. न आलेल्याला त्याच दिवशी फोन करण्याची पद्धत मात्र पहिल्यापासून पाडावी. आजारपणानंतर माणूस परततो तो बहुधा अशा फोनमुळेच. तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वजने यांचे पुढे पाहू.