कॅनन, कानू आणि बोरू

प्रश्न असा आला आहे : 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट' हे चर्च आपल्या धर्मग्रंथांत आजही नव्या प्रकटीकरणांची (म्हणजे देवाकडून आलेल्या मानल्या जाणाऱ्या संदेशांची) भर घालते. 'कॅनन' म्हणजे तर अधिकृत धर्मग्रंथांची कायमची बंद झालेली यादी. मग हा वदतोव्याघात नाही का? आणि कॅननला मराठीत काय म्हणावे?

वदतोव्याघात वगैरे काही नाही. 'कॅनन म्हणजे बंद यादी' हे कोणी पसरवले देव जाणे, पण हल्ली जो तो तेच ऐकवतो. मूळ शब्दात ना यादी आहे, ना कुलूप. ग्रीक 'कानोन' म्हणजे मोजायची सरळ काठी, आणि त्यावरून नियम. बायबलातल्या गलतीकरांस पत्रात (6:16) प्रेषित पौल तो नियम याच अर्थाने वापरतो. तेव्हा नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाची, यादी जन्मायची होती. यादीचा अर्थ चिकटला चौथ्या शतकात. आलेक्सांद्रियाचा बिशप अथानासियस याने नव्या कराराची 27 पुस्तके मोजून दाखवली ती 367 साली. आणि यादी तरी एक कुठे आहे? प्रोटेस्टंटांच्या बायबलात 66 पुस्तके, कॅथलिकांच्या 73.

खरी गंमत त्या काठीत आहे. ती काठी म्हणजे बोरू! हिब्रूत बोरूला 'काने'. बायबलातल्या यहेज्केलच्या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायातला माणूस मंदिर मोजतो तो सहा हात लांबीच्या कान्यानेच. त्याआधीच्या अक्कादीत, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेत, बोरूला चक्क 'कानू'. सेमिटिक भाषांतून शब्द ग्रीकांकडे गेला, 'कानोन' झाला, अरबांनी त्याचा 'कानून' केला, आणि फारसीवाटे तो आपल्या दप्तरांत 'कानू' होऊन बसला. मराठेशाहीतला 'कानूजाबता', म्हणजे नियमांची नोंद, आठवा. पोकळ बोरूवरून नळी, मोठ्या नळीवरून इंग्रजीतली 'कॅनन' म्हणजे तोफ. (कॅमेऱ्याचा कॅनन मात्र वेगळा, तो जपानी 'क्वानोन', म्हणजे आपला अवलोकितेश्वर.)

काही कोशकार 'कानू' पुढे 'अ.' लिहून हात झटकतात. अरबी म्हणे! वाटेतल्या मुक्कामाला माहेर म्हणण्यातला प्रकार. 'कलम'चीही तीच गत : ग्रीक 'कालामोस' म्हणजे पुन्हा बोरूच, तिथून अरबी 'कलम'. म्हणजे कायदा बोरूचा, त्यातले कलम बोरूचे आणि लिहिणारा बोरूबहाद्दर. माझे तर मत आहे की 'कॅनन'ला मराठीत 'कानू'च म्हणावे. लोक हसतील. हसोत.

हां, ते चर्च. मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी त्याचे मुख्यालय आहे. त्याचा अध्यक्ष हाच संदेष्टा मानला जातो. त्याने मांडलेले प्रकटीकरण जागतिक परिषदेपुढे जाते, तिथे चर्चा होते, मतदान होते. संमत झाले तर ते 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स' या ग्रंथात दाखल होते. 1984 साली असेच 156 क्रमांकाचे 'सेक्शन' आले आणि स्त्रियांना याजकपद खुले झाले. त्या 'सेक्शन'ला भाषांतरात खुशाल 'कलम 156' म्हणा. बायबलला शेजार बोरूचाच मिळेल.

'कॅनन'ला 'प्रमाणग्रंथ' चालेल, नाइलाज म्हणून. 'संहिता' मात्र नको. संहिता म्हणजे एकत्र जोडलेले. त्यात मोजमाप कुठे आहे?