'मेदीकरण' नको, 'स्नेह' घ्या

जीवशास्त्राचे धडे मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: "पेशीपटलावरच्या प्रथिनांना लिपिड, म्हणजे तेलातुपाच्या जातीचा रेणू, जोडलं जातं, त्या प्रक्रियेला 'मेदीकरण' म्हटलेलं बऱ्याच ठिकाणी वाचतो. ते बरोबर आहे का? आणि पामिटॉयलेशन, मिरिस्टॉयलेशन या त्यातल्या दोन प्रकारांना वेगळे मराठी शब्द करावेत का?"

पहिल्याचं उत्तर: नाही, बरोबर नाही. हा शब्द आता इतक्या वेळा कानावर येतो की गप्प बसवत नाही. 'शुद्धीकरण' म्हणजे जे शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं. व्याकरणात याला 'अभूततद्भाव' म्हणतात, आधी जे नव्हतं ते होणं. मग मेदीकरण म्हणजे काय? प्रथिनाचा मेद होणं! प्रत्यक्षात प्रथिन प्रथिनच राहतं, त्याला फक्त एक शेपूट जोडलं जातं. 'विद्युतीकरणात गाव कुठे वीज होतं?' असा प्रतिवाद मला एका कोशकर्त्या मित्राने केला होता. बरं, तो शब्द रुळला, त्याला आता कोण हलवणार? पण एक चूक रुळली म्हणून तिच्या शेजारी दुसरी आणून बसवायची, हे मला मान्य नाही.

दुसरी अडचण 'मेद' या शब्दाचीच. मराठी माणसाला मेद म्हणजे पोटावर साठतो तो. एका कार्यशाळेत पडद्यावर 'मेदयुक्त प्रथिने' अशी ओळ आली आणि माझ्या शेजारच्या विद्यार्थिनीने वहीत लिहिलं, 'उदा. पनीर'. तिची काय चूक? शब्दाने तिला तिथेच नेलं.

या जागेला नेमका बसणारा शब्द आपल्या घरात आहे: स्नेह. त्याचा प्रेमाचा अर्थ, स्नेहसंमेलन, तिळगुळातला स्नेह, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. आयुर्वेदातले चार स्नेहही, म्हणजे तूप, तेल, वसा आणि मज्जा, कुठल्याही वैद्याकडून कळतील. मला सांगायची आहे ती नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची व्याख्या. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात आहे: 'चूर्णादिपिण्डीभावहेतुर्गुणः स्नेहः'. पीठ, भुकटी अशा सुट्या कणांचा गोळा होण्याला जो गुण कारण, तो स्नेह.

आता स्वयंपाकघरात चला. शंकरपाळ्यांच्या मैद्यात कडकडीत मोहन घातलं की आई मैदा दोन्ही हातांनी चोळायची, मग मूठभर घेऊन मूठ आवळायची. मुटका टिकला की मोहन पुरेसं. बोट लावताच भुगा झाला तर अजून चमचाभर. तर्कसंग्रहाचं नावही तिने ऐकलं नसेल, पण ही व्याख्या ती दर दिवाळीला तपासून पाहायची.

याच व्याख्येला पुढे 'जलमात्रवृत्तिः' असं जोडलेलं आहे, म्हणजे हा गुण फक्त पाण्यात राहतो. तेलात चिकटपणा दिसतो तो तेलातल्या जलीय अंशाचा, असं नैयायिकांचं म्हणणं. इथे मी त्यांच्याशी भांडायला तयार आहे. कडकडीत तापलेल्या मोहनात पाणी राहील कुठून? तरी मुटका वळतो. स्नेह पाण्याला बांधून टाकला ही त्यांची चूक, आणि ती शास्त्रातली चूक आहे, निव्वळ शब्दातली नाही. मराठीत मायेला 'ओलावा' म्हणतात आणि माया नसलेल्या माणसाला 'कोरडा', तेही याच जुन्या समजुतीतून आलं असावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

'स्नेह'चा मूळ धातू 'स्निह्'. त्यातला 'ह' मुळात 'घ'च्या घरचा, म्हणून तर 'स्निग्ध' होतं, जसं दुह्-दुग्ध, दह्-दग्ध. आणि याच मुळापासून लॅटिनमधला बर्फाचा 'निक्स' आणि इंग्रजी 'स्नो' आले असं मानणारा भाषाशास्त्रज्ञांचा मोठा गट आहे. दुसरा गट म्हणतो, चिकटण्याचा धातू वेगळा आणि बर्फाचा वेगळा, उच्चार योगायोगाने जुळले. या मंडळींनी बर्फ हातात घेऊन पाहावा! मनालीला मी पहाटेचा कडक थंडीतला बर्फ मुठीत दाबला तर तो पिठासारखा निसटला. उन्हं आल्यावर तोच बर्फ किंचित ओलावला आणि पहिल्याच दाबात त्याचा गोळा झाला. चूर्णादिपिण्डीभाव! (इथे मात्र अन्नंभट्टाचं 'जलमात्र' खरं ठरतं, हे कबूल करायला हवं.) चिकटणं, ओल आणि बर्फ हे तिन्ही त्या एका मुठीत होते. मग धातू दोन कशाला मानायचे?

आता पेशीकडे. काही प्रथिनं पेशीपटलाच्या आरपार जातात. काही मात्र बाहेरच्या अंगाला नुसती लटकलेली असतात, जीपीआय नावाच्या एका नांगराने. माणसात अशी किमान दीडशे प्रथिनं आहेत. प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला शर्करांची छोटी साखळी, तिच्या खाली इनॉसिटॉल हा साखरेसारखा रेणू आणि त्याला लिपिडची शेपटं. ती शेपटं पटलाच्या फक्त बाहेरच्या थरात रुतलेली असतात. रुततात ती पाणी टाळण्यासाठी, आणि इथेच 'जलमात्रवृत्तिः' पुरतं कोसळतं. (या गुणाला कृपा करून 'जलसंत्रास' म्हणू नका, ते पिसाळलेलं कुत्रं चावल्यावरचं लक्षण आहे. 'जलविरोधी' म्हणा.)

या नांगराचं मोल तो नसला की कळतं. आपल्या रक्तात पूरक प्रथिनांची एक फौज फिरत असते. ती जंतूंच्या पटलाला भोकं पाडते. आपल्याच तांबड्या पेशींना तिने भोकं पाडू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर सीडी55 आणि सीडी59 असे दोन पहारेकरी असतात. दोघेही जीपीआयवर बांधलेले. हाडांच्या मगजातल्या एखाद्या मूळ पेशीत पिग-ए या जनुकात बिघाड झाला की नांगर बनत नाही. पहारेकरी प्रथिन तयार होतं, पण पृष्ठभागावर टिकायला त्याला काही उरत नाही. तांबड्या पेशी फुटतात, सकाळची लघवी कोकम सरबतासारखी गडद येते. या आजाराचं नाव पॅरॉक्सिझ्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्यूरिया. त्यामागचं जनुक 1993 मध्ये सापडलं. प्रथिनाचा साचा जसाच्या तसा, गेला तो फक्त स्नेह, आणि तेवढ्याने पेशीची शेजाऱ्यांशी असलेली सगळी वागणूक बदलली.

याहून मला आवडतो तो 1984 मधला प्रयोग. सीडी55 शुद्ध करून पेशींवर बाहेरून नुसतं सोडलं, तर त्याची शेपटं आपणहून पटलात शिरली आणि पेशींना संरक्षण मिळालं. कुणी टाका घातला नाही, खिळा ठोकला नाही. हे वाचलं तेव्हा मला आईची ती मूठच आठवली.

म्हणून या सगळ्या प्रक्रियांना मिळून 'स्नेहबंधन' म्हणावं असं मी सुचवतो. 'स्नेहन' नको, तो शब्द पंचकर्मवाल्यांनी तेल चोळण्यासाठी केव्हाच घेतलेला आहे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. पामिटॉयल आणि मिरिस्टॉयल ही शेपटं बहुधा पटलाच्या आतल्या बाजूला रुततात, तरी पृष्ठभागावरच्या भेटीगाठी त्यांच्यावरही अवलंबून असतात. टी-पेशीतलं (ही एक पांढरी रक्तपेशी) एलसीके हे प्रथिन दोन्ही शेपटं लावून आतल्या अंगाला चिकटलेलं असतं. त्याचं पामिटॉयल काढलं तर बाहेर स्पर्श होतो, पण निरोप नीट आत पोचत नाही. सोळा कार्बनांचं पामिटॉयल प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडलेलं असतं आणि पेशी ते हवं तेव्हा काढू शकते, म्हणून त्याला 'सुटता स्नेहबंध' म्हणता येईल. चौदा कार्बनांचं मिरिस्टॉयल प्रथिनाच्या सुरुवातीच्या ग्लायसीन या अमिनो आम्लाला लागतं, ते सहसा कायमचं. तो 'पक्का स्नेहबंध'.

मूळ नावं मात्र तशीच ठेवा, विशेषतः मिरिस्टॉयल. मिरिस्टिका म्हणजे आपलं जायफळ. 1841 मध्ये लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने या शेपटाचं मूळ आम्ल, मिरिस्टिक आम्ल, जायफळाच्या लोण्यातूनच काढलं. आणि त्या नावामागचा ग्रीक शब्द 'मुरॉन', म्हणजे अंगाला लावायचं सुगंधी तेल.