ठाण्यातला फूटपाथ व्हीलचेअरसाठी सुधारून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की अर्धांगवायूनंतर बाबा व्हीलचेअरवर आहेत, नौपाड्यातल्या घरापासून तलावपाळीपर्यंतही त्यांना नेता येत नाही, आणि "रॅम्प बसवून मिळावा" असा अर्ज महापालिकेत द्यायचा विचार आहे. तो अर्ज अजून दिला नसेल तर थांबा. रॅम्प मागाल तर एक रॅम्प मिळेल आणि बाबा त्याच्या पुढच्या खांबापाशी अडकतील. मागायची ती घराच्या गेटपासून तळ्याच्या कठड्यापर्यंतची सलग वाट.

मी नेरुळला राहते. लहानपणी पोलिओ झाला, चाळिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबडीवर निभावलं, गेली नऊ वर्षं व्हीलचेअर वापरते. घरापासून भाजी मार्केटपर्यंतचा रस्ता पाऊण किलोमीटरसुद्धा नाही. तो सुधारून घ्यायला आम्हा शेजाऱ्यांना दोन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष चुकीची मागणी करण्यात गेलं.

आम्हीही तेच लिहिलं होतं, कोपऱ्यावर रॅम्प हवा. ठेकेदाराने केला. सहा इंच उंच फूटपाथला जेमतेम दोन फुटांचा उतार. खुर्ची वर चढवायला दोन माणसं लागायची आणि उतरताना मी हात घट्ट धरून डोळे मिटायची. शिवाय उतार रस्त्याला जिथे टेकतो तिथे दोन बोटं उंचीची कड ठेवलेली. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. अशा कडेला ती अडली की खुर्ची थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मी मुकादमाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, कड नाही ठेवली तर पावसाचं पाणी वर चढंल." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाण्याची जाळी रॅम्पच्या अलीकडे, म्हणजे पाणी ज्या बाजूने वाहत येतं त्या बाजूला घेतली की पाणी तिथेच गटारात उतरतं आणि कडेची गरज राहत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या हातातल्या कागदावर फक्त "रॅम्प, नग एक" लिहिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही मापं घेऊन गेलो. बिल्डिंगमधले एक काका जन्मभर मिस्त्रीकाम केलेले. ते टेप आणि पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची लेव्हल, घेऊन आले, मी खुर्चीतून पुढे, ते मागे. प्रत्येक अडथळ्याला नंबर दिला, फोटो काढला, माप लिहिलं. तुम्हीही हेच करा. उपयोगी पडतील ती मापं सांगते.

उतार १:१२ हवा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. १५ सेंटिमीटर उंच फूटपाथला १८० सेंटिमीटर लांब रॅम्प लागतो. पायथा रस्त्याशी अगदी सपाट. पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्याप्रमाणे फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला किमान १.८ मीटर रुंद जागा हवी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळीक. हे १.८ मीटर मोकळे हवेत, याचा आग्रह धरा. कागदावर दोन मीटरचा फूटपाथ असतो आणि त्यात विजेचा डीपी, झाडाचं आळं, दुकानाची पायरी आणि उभ्या केलेल्या दुचाक्या वजा केल्या की कधी कधी दोन फूटही उरत नाहीत. राममारुती रोडवर संध्याकाळी चाललेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडची मोठी अडचण मात्र उंचीची आहे. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, पुष्कळ ठिकाणी फूटपाथ म्हणजे पावसाळी गटाराचं झाकण. गटार वर आलं की फूटपाथ फूटभर उंच होतो. ३० सेंटिमीटरला ३.६ मीटरचा रॅम्प लागणार, तो आडवा बसवायला जागाच नसते. अशा ठिकाणी रॅम्पचा हट्ट सोडा. दोन उपाय चालतात. एक, कोपरा यायच्या आधीपासून अख्खा फूटपाथच हळूहळू खाली उतरवत आणायचा. दुसरा, रस्ता ओलांडायचा पट्टाच फूटपाथच्या उंचीला उचलायचा, म्हणजे माणूस सरळ चालत जातो आणि गाडी वर चढून उतरते. आपोआप गाड्यांचा वेगही कमी होतो. सोसायट्यांच्या गेटांपाशीही हाच नियम हवा. दर वीस पावलांवर एक गेट, आणि दर गेटला फूटपाथ तुटतो. एका गेटमधून दिवसाला तीसेक गाड्या जात असतील तर माणसं शेकड्यांनी जातात. चढ-उतार कुणी सोसायचा, याचं उत्तर मला तरी स्वच्छ दिसतं.

आता एक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. माझ्या खुर्चीला पायथा सपाट हवा, पण पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला ती कडच सांगत असते की फूटपाथ संपला. कड काढली की तो माणूस नकळत रस्त्यात उतरतो. म्हणून तिथे उंचवट्याच्या ठिपक्यांची फरशी लागते. ही फरशी जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली गेली. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे ती शोभेची समजून बसवतात, आणि पट्ट्या थेट झाडावर किंवा चेंबरवर नेऊन सोडतात. रंगही पिवळा हवा. अंधुक दिसणाऱ्या माणसाला राखाडी पेव्हरवरची राखाडी फरशी दिसत नाही. अर्जात तुमच्या बाबांबरोबर या माणसांचीही मागणी घाला. मागणी वेगवेगळी गेली की एकाची सोय करताना दुसऱ्याची जाते.

खांबांचं, म्हणजे बोलार्डचं, भांडण होणारच. दुचाक्या चढू नयेत म्हणून ते लावतात आणि इतके जवळ लावतात की खुर्ची जात नाही. दोन खांबांमध्ये निदान ९० सेंटिमीटर हवेत. "मग बाईकही जाईल" असं उत्तर मिळेल. जाईल. तिला अडवणं हे वाहतूक पोलिसांच्या दंडाचं काम आहे, त्यासाठी मला घरात बसवता येणार नाही. मुंबईतल्या अशाच खांबांवरून २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाच्या ईमेलची दखल घेऊन स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती, हे सोबत लिहा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधला. त्याच्या कलम ४५ प्रमाणे सध्याच्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करा. पण पहिल्याच अर्जात कलमांचा भडिमार करू नका. कनिष्ठ अभियंत्याला कलमं पाठ करून काम करता येत नाही, मापांवरून येतं.

या अभियंत्याला भेटा, प्रभाग समितीच्या बांधकाम विभागात. "संयुक्त पाहणी", म्हणजे त्याने तुमच्यासोबत जागेवर येऊन बघणं, हे शब्द वापरून लेखी मागणी करा आणि पोच घ्या. वेळ अशी निवडा की तुमच्या रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक अजून व्हायचं आहे. पावसाळा संपला की कामं निघतात, म्हणून मी जुलै-ऑगस्टमध्येच कागद देते. निविदा निघाली की ठेकेदार म्हणतो, हे माझ्या कामात धरलेलं नाही, आणि त्याचं बरोबर असतं. अंदाजपत्रक मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. काम चालू असताना काँक्रीट ओलं आहे तोवर जाऊन पाणसळ लावा. आमच्या काकांनी एका सकाळी नऊ वाजता कड दाखवली आणि दहापर्यंत ती थापीने काढून झाली होती. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर पुढचं वर्ष उजाडलं असतं.

महापालिकेत दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखीव असतो. कुणी "दिव्यांगांच्या पाच टक्के निधीतून करू" म्हणालं तर मी नाही म्हणेन. तो निधी माणसांच्या उपचार, साधनं, शिक्षण, रोजगारासाठी राहू दे. फूटपाथ चालण्याजोगा असणं हा रस्त्याच्याच खर्चाचा भाग आहे. काहीच हललं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

तळ्याकाठी आणि बागांमध्ये आधी गेट बघा. गुरं आणि गाड्या येऊ नयेत म्हणून नागमोडी अडसर किंवा गोल फिरणारं गेट असतं. बाजूला रुंद दार असतं, पण त्याला कुलूप आणि किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार चहाला. मागणी अशी करा की बाग उघडी असेपर्यंत ते दारही उघडं. बाकाशेजारी मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगा, म्हणजे बाबांना तुमच्या शेजारी बसता येईल. नाहीतर खुर्ची वाटेतच उभी करावी लागते आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण "जरा बाजूला घ्या" म्हणतो.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर सकाळी साडेसहाच्या सुमारास निघा, दुकानं बंद असतात आणि गडकरी रंगायतनच्या बाजूला थोडं निवांत मिळतं. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी उतरवा, मागची मोठी चाकं आधी आणि तुम्ही खालच्या बाजूला. गटाराच्या जाळीवरून जाताना चाकं जाळीच्या गजांना आडवी जातील असं बघा, नाहीतर पुढचं चाक फटीत उतरतं. आणि सोबत टेप ठेवा, पाहणीची मापं त्याच फेऱ्यांत घेऊन होतील.