त्रेपन्नाव्या वर्षी गुडघ्यासाठी एफडी मोडू का?

सांगलीजवळचे एक दुकानदार विचारतात: वय 53. दोन महिन्यांपूर्वी स्कूटर घसरून उजव्या गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा आतला पट्टा) तुटलं. ऑपरेशनचा अंदाज 2 लाख 10 हजार. मेडिक्लेम 3 लाखांचा, पण पॉलिसी दीडच वर्षाची. गुडघ्याला वेटिंग पिरियड आहे (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ काही आजारांचे पैसे मिळत नाहीत), म्हणून पैसे मिळणार नाहीत, असं एजंट म्हणतो. बावीस वर्षांचा भाचा हेच ऑपरेशन करून पुन्हा कबड्डी खेळतोय. 4 लाखांची एफडी मोडू, की या वयात पैसे पाण्यात जातील?

नमस्कार. एफडीला तूर्त हात लावू नका.

आधी एजंटचं बघू. ठरावीक आजारांचा वेटिंग पिरियड अपघातातून आलेल्या क्लेमला लागू होत नाही. पॉलिसीच्या त्याच कलमात खाली तसं लिहिलेलं असतं. पण अपघात कागदावर दिसायला हवा. पहिल्या केसपेपरवर 'स्कूटरवरून पडून' असं आहे का ते आजच बघा. तिथे नुसतं 'गुडघेदुखी' असेल तर कंपनी झीज म्हणून मोकळी होईल.

आता भाच्याशी तुलना. वय झालं म्हणून हे ऑपरेशन फसतं असं नाही. सांध्याची झीज फारशी नसेल तर पन्नाशीतल्यांनाही तरुणांसारखाच गुण येतो. उलट बसवलेलं लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका मैदानात उतरणाऱ्या भाच्याला जास्त. पण त्याला कबड्डी खेळायचीय, तुम्हाला काउंटरवर उभं राहायचंय.

स्वीडनमध्ये 18 ते 35 वयाच्या 121 जणांवर अभ्यास झाला (2010). निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि लागलंच तर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच, आणि दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 23 जणांनाच ऑपरेशन लागलं होतं. तरुणांचं हे, तर तुम्हाला घाई कसली? मात्र जुन्या दुखापतीत गुडघा सटकतच राहिला तर ऑपरेशन सरस, असं 2022 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं. म्हणून तीन महिने मन लावून फिजिओथेरपी. गुडघा अडकत असेल, सांध्यातली गादीही (मेनिस्कस) फाटली असेल, तर थांबू नका, डॉक्टरांचंच ऐका.

इथे एक गंमत आहे. ॲडमिट न होता घेतलेल्या फिजिओथेरपीचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, ऑपरेशनचे देतात. त्यामुळे लोकांना ऑपरेशन 'फुकट' वाटतं. तुमचा मोठा खर्च बिलात नाहीच. काही आठवडे कुबड्या, महिनोन्महिने व्यायाम. तेवढ्यात माळ्यावरचा माल कोण काढणार? माणूस ठेवावा लागला तर त्याचा पगार अंदाजात धरा.

ऑपरेशन ठरलंच आणि कंपनीने कॅशलेस (हॉस्पिटलला परस्पर पैसे देणं) नाकारलं, तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज काढा. व्याज ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त पडेल. क्लेम आला की फेडून टाका. तोवर पॉलिसीचा हप्ता चुकवू नका, आणि अंदाजपत्रकातलं खोलीभाडं पॉलिसीच्या मर्यादेत बसतंय ना, हे विचारून घ्या. खोली महागडी घेतली तर डॉक्टरांच्या फीसारख्या इतर खर्चांनाही कात्री लागू शकते.