निवड मुलांच्या हाती दे

पाचवीचा वर्ग पहिल्यांदाच घेते आहेस, म्हणून सांगते. वाचन-आकलनासाठी सगळ्यांना एकच उतारा दिला, की मुलं तो वाचतच नाहीत गं. प्रश्नातला शब्द शोधतात आणि ते वाक्य वहीत उतरवतात. त्यापेक्षा बाकावर वाचायला तीन-चार गोष्टी मांड, निवडू दे. अख्खं कपाट उघडू नकोस, गोंधळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत.

माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर गप्प असायचा. त्याने एकदा पुण्याच्या पीएमपी बसचं वेळापत्रक उचललं आणि स्वारगेटहून कात्रजला कुठली बस आधी पोहोचेल, हे शेजारच्याला बोट ठेवून समजावू लागला. तेही आकलनच. आणि हो, प्रश्नही त्यांनाच काढू दे. ‘का’ विचारणारा एक तरी हवाच.