अंग तापलेलं असताना थंडी का वाजते?

तुमचे प्रश्न दोन आहेत. शरीर तापमान ३७ अंशांवर स्थिर ठेवतं, तर ताप म्हणजे समस्थिती (होमिओस्टॅसिस, म्हणजे शरीराने आतली स्थिती टिकवून ठेवणं) बिघडणं ना? आणि अंग भाजत असताना रुग्ण पांघरूण का मागतो? नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. ज्यांना हा प्रश्न पडायचा नाही, त्यांचीच मला जास्त काळजी वाटायची.

घोळ ‘स्थिर’ या शब्दात आहे. १९२६ साली अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी होमिओस्टॅसिस हा शब्द आणला तेव्हा ‘होमो’ (तोच) न घेता मुद्दाम ‘होमिओ’ (तसाच, मिळताजुळता) घेतला. निरोगी माणसाचं तापमानही पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी अर्ध्या अंशाने वर असतं. म्हणजे आकडा हलतो, पण शरीर त्याला मोकाट सोडत नाही.

आता ताप. गिझरवर पाणी किती तापवायचं ते ठरवणारी चकती असते ना, तशी चकती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे असं समजा. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी काही प्रथिनं रक्तात सोडतात. ती हायपोथॅलॅमसजवळच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींपर्यंत पोचतात आणि तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तयार होतं. त्याने चकती समजा ३९ वर सरकते. रक्त अजून ३७ वरच आहे. मेंदूच्या हिशेबी शरीर दोन अंशांनी थंड पडलंय! मग थंडीत जे करायचं तेच तो करतो: त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, हुडहुडी भरते. रुग्ण पांघरूण मागतो ते याच वेळी. ३९ गाठलं की हुडहुडी थांबते.

पॅरासिटॅमॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, चकती ३७ वर येते. आता रक्त ३९ वर, म्हणजे गरम; म्हणून त्वचा लाल होते, घाम फुटतो. ‘घाम आला की ताप उतरतो’ असं घरोघरी म्हणतात, पण आधी चकती उतरते, मग घाम येतो. नुसतं घोंगडीत गुंडाळून घाम काढल्याने चकती हलत नाही. तसंच हुडहुडी भरलेली असताना बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तर शरीर आणखी जोराने थरथरतं.

थोडक्यात, साध्या तापात समस्थितीची यंत्रणा चोख चाललेली असते, फक्त नव्या आकड्याभोवती.

मग बिघडणं कशाला म्हणायचं? उष्माघाताला. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे हवा ४५ अंशांवर जाते. हवा त्वचेहून गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घामाचं बाष्पीभवन हाच मार्ग उरतो; एक ग्रॅम घाम सुकताना साधारण अर्ध्याहून थोडी जास्त किलोकॅलरी घेऊन जातो. त्यात अंगातलं पाणी संपत आलं किंवा हवा दमट असली की तोही मार्ग तुंबतो. चकती ३७ वरच असते, तापमान मात्र ४० ओलांडतं, माणूस बरळू लागतो. त्यापुढे पेशींमधली विकरं (एन्झाइम) आणि पटलं (पातळ आवरणं) बिघडू लागतात. पॅरासिटॅमॉल इथे काही करत नाही, कारण उतरवायला चकती चढलेलीच नाही. कपडे सैल करून, अंगावर पाणी मारून, वारा घालून शरीर ताबडतोब थंड करायचं आणि दवाखान्यात न्यायचं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

परीक्षेत ‘ताप हे समस्थिती बिघडल्याचं उदाहरण’ असं काही गाइडांमध्ये छापलेलं असतं, ते लिहू नका. ‘हायपोथॅलॅमसचा निर्धारित बिंदू वर सरकतो’ असं लिहा (निर्धारित बिंदू म्हणजे आपल्या चकतीवरचा आकडा) आणि खाली आलेख काढा: एक रेघ बिंदूची, दुसरी तापमानाची. दुसरी रेघ पहिलीच्या मागून धावते. ती खाली असेल तिथे ‘हुडहुडी’ लिहा, वर असेल तिथे ‘घाम’.